सिद्राम मेस्त्रीच्या भिंतीवरचे वाकडे दांडे

दोन हजार सतरा साली मी सहासष्ट वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंत, तीही मास्तरांनी दया केली म्हणून. पण खानापूर ते कणकुंबी रस्त्यावर वडापची, म्हणजे सीटवर माणसं भरून नेणारी, जीप हाकण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसऱ्या कोणी सांगायची वाट बघत बसलो तर जन्म जायचा. त्या रस्त्याला बस दिवसातून अमुकदा येते असं पाटीवर लिहिलेलं असायचं. पाटीवर विश्वास ठेवणारे चालत घरी गेले आणि माझ्यावर ठेवणारे बसून गेले.

पण मी सांगायला बसलोय ते सिद्राम मेस्त्रीबद्दल. माझं नाव मधे मधे येईल. त्याला माझा इलाज नाही, जीप माझी होती.

खानापूर सोडून जांबोटीच्या रस्त्याला लागलं की डाव्या अंगाला त्याचं पत्र्याचं शेड. शेडला बोर्ड नाही. आमच्याकडं बोर्ड म्हटलं की तो कानडीत का मराठीत, वर कोण अन् खाली कोण, ह्यावर दोन्हीकडची माणसं बाह्या सरसावतात. सिद्रामनं बोर्डच लावला नाही. दारावर एक वाकडा लोखंडी दांडा टांगला होता, तेवढीच खूण. कोणी फारच छेडलं तर म्हणायचा, "माज्या गॅरेजात नट कानडी, बोल्ट मराठी. आटं जुळलं की गाडी चालतीया. तुमास्नी आनि काय पायजे?"

तो मूळचा येळ्ळूरचा. बाप दुसऱ्याच्या शेतात राबलेला, हा बेळगावात एका गॅरेजात फडकं मारत मारत शिकलेला. उंचीनं बेताचा, मान थोडी पुढं, जणू सारखं काहीतरी ऐकतोय. ऐकायचाच तो. गाडी आली की आधी बॉनेट उघडायचा नाही. डोळे मिटून मिनिटभर उभा. मालक बोलायला लागला की हात वर करून म्हणायचा, "साकु, साकु. तू बस कर. तिला बोलू दे." न हलणाऱ्या बोल्टशी कानडीत गोड बोलायचा, आणि हलला की मराठीत शिवी द्यायचा. मी विचारलं, असं उलटं का? तर म्हणे, "काम होईस्तवर पावना, झाल्यावर घरचा."

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्या खाली पाने-टोचे नीट लावलेले आणि समोरच्या भिंतीवर खिळ्यांची एक रांग. त्या प्रत्येक खिळ्याला एकेक वाकडा दांडा.

हा दांडा म्हणजे इंजिनातला. वर पिस्टन असतो, खाली क्रँक असतो, ह्या दोघांना जोडणारा. बोटभर जाड पोलाद. हातोडीनं वाकायचं नाही ते इंजिनात पाणी शिरलं की ओल्या काटकीसारखं वाकतं. कारण हवा दाबली तर दबते, पाणी दबत नाही. पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, मग मधला गरीब दांडा वाकतो. सिद्राम म्हणायचा, "घरात बी तसंच. सासू हटत न्हाई, सून हटत न्हाई, वाकतोय कोन?"

प्रत्येक दांड्याला तारेनं पत्र्याचा तुकडा बांधलेला आणि खिळ्यानं टोचून मालकाचा धंदा लिहिलेला. कंत्राटदार. दातांचा डॉक्टर. नवरदेव. त्या भिंतीला तो शाळा म्हणायचा. म्हणायचा, "एकेकाची फी लई बसली, पन पाठ झालं."

त्यातला डॉक्टर मी डोळ्यांनी बघितलाय. बेळगावचा तरणा पोरगा, चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला निघालेला. गाडी ज्यातून श्वास घेते तो कंपनीचा काळा हवेचा डबा काढून टाकलेला. त्याच्या जागी चकचकीत नळी, आणि नळीच्या टोकाला उलट्या पेल्यासारखा फिल्टर, तो खाली पार बंपरच्या मागं. का? तर खालची हवा थंड असते, थंड हवेनं गाडी पळते. नाल्यावरच्या फरशी पुलावर पाणी फार नव्हतं. हा जोरात शिरला, पाणी बंपरवर चढलं, पेल्यानं घोट घेतला. ट्रॅक्टरनं ओढून आणली.

सिद्राम पोत्यावर बसून खाली वाकला आणि त्या पेल्याकडं लई वेळ बघत राहिला. मग विचारलं, "डॉक्टर, मानसाचं नाक कुठं आस्तंय?"

"नाक? चेहऱ्यावर."

"नक्की? तुमी शिकलेली मानसं, म्हनून इच्यारलं. गुडघ्याला नसतंय नव्हं?"

डॉक्टर लाल झाला. म्हणाला, "मेस्त्री, थंड हवेसाठी लावलंय ते."

"पावसाळ्यात जांबोटीत आनि गरम हवा कुठं गावली तुमास्नी?"

डॉक्टर शेवटी हसला. पण बिचाऱ्यानं पाण्यात बंद पडल्यावर पाच वेळा सेल्फ मारला होता, म्हणजे किल्ली फिरवून चालू करायला बघितली होती. सिद्रामचा सगळ्यात मोठा नियम तोच. पाण्यात गाडी बंद पडली की किल्ली काढायची, खिशात घालायची, खिसा शिवायचा. "बंद पडली म्हंजी तिनं तोंड मिटलंय. तू सेल्फ मारतोस म्हंजी बुडालेल्या मानसाला म्हनतोस, घे श्वास!"

लोकांनी काढून टाकलेले काळे डबे तो जपून ठेवायचा. माळ्यावर ओळीनं, प्रत्येकावर खडूनं गाडीचा नंबर. मी म्हणायचो, भंगारात घाल की. तो म्हणायचा, "येतील परत. डबा दिसायला काळा, पन कंपनीनं त्येचं नाक वर ठिवलंय आनि खाली पानी गळायला भोक बी ठिवलंय. शान्या मानसानं केलाय त्यो." आणि लोक यायचे. मान खाली घालून यायचे. सिद्राम एक शब्द न बोलता शिडी लावायचा, डबा काढून फुंकर मारायचा आणि दोन्ही हातांनी द्यायचा, जसा जत्रेत हरवलेला पोर आईच्या हवाली करावा.

मला ह्या सगळ्याची लई मजा वाटायची. माझा दांडा ह्या भिंतीवर कधी येणार नाही, असं मी जीपस्टँडवर चहाच्या टपरीत दहा जणांपुढं बोललो होतो. सिद्रामच्या तोंडावरसुद्धा बोललो होतो. तो एवढंच म्हणाला, "खिळा मोकळा हाय गनपा. घाई न्हाई."

त्याच सतरा सालच्या पावसाच्या आधी मी बेळगावातून जीपला उंच पाईप बसवून आणला. काळा, जाड, बॉनेटच्या कडेनं वर काचेला लागून टपापर्यंत गेलेला, वर तोंड मुरडलेलं. म्हणजे जीप आता टपावरून श्वास घेणार, पाणी कितीही येऊ दे. डॉक्टरनं नाक खाली नेलं, मी वर नेलं. मला वाटलं, मी सिद्रामचीच शिकवण त्याच्यापेक्षा जास्त पाळली. मुद्दाम शेडसमोर जीप उभी केली आणि चालूच ठेवली.

सिद्राम बाहेर आला. जीपभोवती एक फेरी मारली. "रुबाब हाय," म्हणाला. मग पायरीवर चढून त्यानं उजवा तळहात पसरला आणि पाईपच्या तोंडाकडं नेला.

मी म्हणालो, "हात लावायचा न्हाई मेस्त्री. नवा हाय."

"नुसतं दाबून बघतो रं. एक मिनिट."

"ज्येनं बसवलाय त्येला कळतंय. तुला सगळ्यात खोटच दिसतीया."

तो पायरीवरून उतरला तसा मी गिअर टाकला. आरशात बघितलं तर तो तसाच उभा, हात हवेत. अडुसष्ट-सत्तरीचा माणूस, पाऊस भुरभुर पडतोय, आणि हात हवेत.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगायला मला सहा वर्षं लागली. जांबोटीच्या अलीकडच्या फरशीवर पाणी होतं. बंपर बुडेल एवढं. मागं नऊ माणसं. दुसऱ्या जीपा अलीकडं थांबलेल्या. त्यातला एक नागेश. तेव्हा नवाच ड्रायव्हर, मला गुरू मानायचा. मी त्याला खिडकीतून म्हणालो, "बघ रं, कसं जायचं ते," आणि शिरलो. मधोमध गेलो आणि इंजिन एक घोट गिळल्यासारखं 'गप्प' करून बंद. किल्ली काढायची, खिशात घालायची, सगळं पाठ होतं. पण मागं नऊ तोंडं आणि काठावर सगळा जीपस्टँड. मी सेल्फ मारला. एकदा. परत. परत. तिसऱ्यांदा आत काहीतरी ठणकलं, ते माझ्या दातांत ऐकू आलं.

माणसं उतरून पाण्यातून चालत गेली. काठावरून नागेश ओरडला, "आप्पा, काय झालं?"

मी म्हणालो, "क्लच गेला."

जीप ओढून शेडवर आली. सिद्रामनं विचारलं, "काय म्हनती?"

"क्लच."

त्यानं इंजिनाची चारी नोझलं काढली, जिथून डिझेल आत जातं ती. मला म्हणाला, "हितं उभा ऱ्हा. वाकून बघ." मी वाकलो. त्यानं जेमतेम सेल्फ दाबला आणि भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट माझ्या मिशांवर.

सिद्राम शांतपणे म्हणाला, "क्लचमधनं लई पानी आलं की रं गनपा."

आणि मग तो हसला. पोत्यावर बसून, मांडीवर हात मारत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझा राग मिशांवरून ओघळून गेला. मी पण हसलो. पण हसून झाल्यावर त्याचा हात धरला आणि म्हणालो, "मेस्त्री, कुनाला सांगू नको. ह्या रस्त्याला माजं नाव हाय."

त्यानं हसणं थांबवलं. "न्हाई सांगत," म्हणाला. "पन खिळ्यावर लावनार. भिंतीशी खोटं बोलायचं न्हाई."

आठ दिवसांनी इंजिन उभं राहिलं, नवा दांडा बसला. मग त्यानं मला पाईप दाखवला. वरून देखणा, पण बॉनेटच्या आत जिथं तो हवेच्या डब्याला जोडतात तिथं नुसता कोंबलेला. ना रबर, ना पट्टी. वर टपावर नाक, आणि पाण्याच्या पातळीत मानेला बोटभर फट. सिद्रामनं इंजिन चालू करून बुद्धापुढची उदबत्ती उचलली आणि त्या फटीजवळ धरली. धुराची सरळ वर जाणारी रेघ वाकली आणि सुळकन आत ओढली गेली.

मी म्हणालो, "तसबिरीपुढली उदबत्ती चालतीया व्हय असल्या कामाला?"

"धुरानं खरं कळत आसंल तर त्येला आनंदच हाय."

सगळे सांधे त्यानं रबर आणि पट्ट्या घालून आवळले. मग मला पायरीवर चढवलं. "आता दाब. तळहात घट्ट." मी पाईपचं तोंड दाबलं. तळहात आत ओढला गेला, इंजिन घुसमटलं, थरथरलं आणि बंद पडलं. मी घाबरून हात काढला. सिद्राम टाळ्या वाजवत होता. "बंद पडली! बंद पडली म्हंजी पास. नाक दाबल्यावर बी चालूच ऱ्हायली आस्ती, तर समजायचं कुठनंतरी चोरून श्वास घेतीया. हेच त्या दिशी मी बघनार हुतो. तू जाऊ दिलं न्हाईस."

दांडा भिंतीवर गेला. पत्रा बांधला, पण त्यावर काही टोचलं नाही. कोरा. पुढं सहा वर्षं त्या दांड्याखाली बसून मी चहा प्यालो. नवा माणूस आला की विचारायचा, ह्यो कुनाचा, नाव न्हाई ते? सिद्राम बशीतला चहा फुंकत म्हणायचा, "एका शान्या मानसाचा." आणि माझ्याकडं बघायचासुद्धा नाही. तेवढं मात्र त्यानं पाळलं. मी असतो तर निदान डोळा मारला असता.

आणि माझी जीप त्या सहा वर्षांत पाईप मिरवत फरशीवरून जात राहिली. सांधे घट्ट, नाक वर. सगळा रस्ता बघायचा. पाईपला कोणी हात लावून विचारलं की मी मिशीला हात लावायचो. हलक्या पाण्यातसुद्धा सिद्राम आधी काठी घेऊन चालत जा म्हणायचा, ते मी गुपचूप करायचो, पण करायचो सगळे पुढं गेल्यावर.

मग सिद्रामच्या गुडघ्यांनी दगा दिला. पोत्यावर बसलेला उठेना. त्याची मुलगी सुजाता निपाणीला कॉलेजात शिकवते, ती न्यायला आली. शेड रिकामं करायच्या दिवशी मी सकाळपासून तिथं होतो. पाने त्यानं ओळखीच्या गॅरेजवाल्यांना दिले. माळ्यावर सात काळे डबे उरले होते, ते एका मेस्त्रीला सोपवताना नंबर वाचून दाखवले आणि बजावलं, "ह्ये लोक यायचे हाईत आजून. हसायचं न्हाई, नुसतं द्यायचं." दांडे ज्याचे त्याला जमतील तसे धाडले होते. भिंतीवर एकच राहिला.

तो मलाच काढायला लावला. मी फडक्यात गुंडाळला. तेव्हा सिद्राम म्हणाला, "नागेशनं पाईप बसवलाय. तुज्यासारखा. बगितलास?"

"न्हाई बा."

"काल आलता दाखवाया. म्या म्हनलं, दाबून बघतो. तर म्हनतोय, मेस्त्री, आप्पाच्या जीपला हायच की सा वर्सं, कुठं काय झालं? तुमाला सगळ्यात खोटच दिसतीया." त्यानं गुडघा चोळला. "नवी जीप हाय त्येची. घर तिच्यावर हाय. मागं मानसं बसत्यात."

"मग सांगायचं व्हतंस की माजं."

"तुला शब्द दिलाय," सिद्राम म्हणाला. रागानं नाही. पाना किती नंबरचा ते सांगावं तसं.

मी फडक्याची गाठ आवळली. खरं बोलायला मला वेळ लागतो, हे वर आलंच आहे.

सुजाता गाडी घेऊन दारात आली. आम्ही दोघांनी धरून सिद्रामला आणला. दार उघडलं, पण तो बसेना. काठीवर भार टाकून, कण्हत कण्हत, तो गाडीच्या पुढच्या बाजूला वाकायला लागला.

सुजाता म्हणाली, "बाबा, कंपनीचाच हाय डबा. काय बदललेलं न्हाई. बसा."

"व्हय, व्हय," म्हणत त्यानं बॉनेट उघडायलाच लावलं. डब्याचं तोंड कुठं आहे ते बघितलं, दोन बोटांनी डब्यावर टकटक केलं आणि समाधानानं मान हलवली. मग बसला. गाडी निघाली. काच खाली होती. आरशात त्यानं मला बघितलं असावं, कारण त्याचा उजवा तळहात खिडकीतून बाहेर आला, सगळी बोटं पसरलेली, एखाद्या पाईपच्या तोंडावर ठेवावा तसा. वळणापर्यंत तो तसाच हवेत होता. त्यानंतर मी सिद्रामला बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. दांडा फडक्यातून काढला, पत्रा दगडावर ठेवला आणि खिळा-हातोडी घेऊन बसलो. दुसरी शिकलेल्या माणसाला स्वतःचं नाव पत्र्यावर टोचायला किती वेळ लागतो ते विचारू नका. ण उलटा आला. तो तसाच ठेवला. स्टँडवर गेलो तेव्हा नागेशची नवी जीप चालू होती, माणसं बसत होती, आभाळ भरलेलं होतं. टपरीत नेहमीची मंडळी. मी दांडा चहाच्या टेबलावर ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो, "ह्यो माजा. क्लच न्हवता गेला."

मग टपरीवाला पत्र्यावरचं नाव वाचून खदखदून हसला, मग सगळेच. हसू दिलं. तेवढ्यात मी नागेशच्या जीपच्या पायरीवर चढलो.

"आप्पा, हात काय लावताय? नवा हाय," नागेश म्हणाला.

"एक मिनिट," मी म्हणालो, आणि पाईपच्या तोंडावर तळहात घट्ट दाबला.

इंजिन चालूच राहिलं. नागेशनं माझ्या हाताकडं बघितलं, टेबलावरच्या दांड्याकडं बघितलं, आणि स्वतःच हात घालून किल्ली काढली. खिशात घातली.